कोपराचे दुखणे आणि पायांची ताकद

या आठवड्यात दोन प्रश्न एकत्र घेतो, कारण दोन्हींचे उत्तर बरेचसे एकच आहे.

पहिला प्रश्न एका पालकांच्या पत्रातला. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा अमरावतीला टेनिस शिकतो. आठवड्यातले सहा दिवस रोज तीन तास सराव, रविवारी सामने. दोन महिन्यांपासून सर्व्हिस करताना त्याचे कोपर आतल्या बाजूने दुखते. "रॅकेट बदलून पाहावी की खेळच बंद करावा?" असे त्यांनी विचारले आहे. दुसरा प्रश्न पत्राने येत नाही. सोयाबीनची सोंगणी सुरू झाली, की तो दर वर्षी तिवस्यातल्या माझ्या दवाखान्यात चालत येतो. कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ, पाण्याने भरलेला तांब्या उचलवत नाही, लुगडे पिळताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. "मावशी, याला टेनिस एल्बो म्हणतात," असे मी सांगितले, की उत्तर ठरलेले असते : "डाक्टरसाहेब, म्या तं थे टेनिस कधी डोयानंबी पाह्यलं नाई!"

मावशींचे म्हणणे रास्त आहे. नाव टेनिसचे असले तरी हे दुखणे ज्यांना होते, त्यांतल्या बहुतेकांनी रॅकेट कधी हातात धरलेली नसते. इंग्लंडमध्ये १८८० च्या सुमारास लॉन टेनिसचे वेड पसरले आणि तिथल्या डॉक्टरांना खेळणाऱ्यांची कोपरे तपासावी लागली, म्हणून हे नाव चिकटले. त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टराने असेच दुखणे सतत लिहिणाऱ्यांच्या हाताचे म्हणून नोंदवले होते. तेव्हा पहिला मान कारकुनांचाच.

हे दुखणे नेमके कशाचे, ते स्वतःच्या हातावर पाहता येते. उजवी मूठ घट्ट आवळा आणि डाव्या हाताची बोटे उजव्या कोपराच्या थोडी खाली, बाहेरच्या बाजूला ठेवा. तिथला स्नायू टणक झालेला लागेल. मनगट मागे उचलणारा हा स्नायू. पण नुसती मूठ आवळली तरी मनगट पुढे पडू नये म्हणून त्याला जोर लावावाच लागतो. रॅकेट धरा, इळा धरा, फवारणीच्या पंपाचा दांडा धरा किंवा गाईचे आचळ धरा, भार याच्यावरच. या स्नायूचे वरचे टोक एका पांढऱ्या, चिवट दोरीने कोपराच्या हाडाला बांधलेले असते. तिला कंडरा म्हणतात. टेनिस एल्बोत ही कंडरा झिजते, तिचे धागे विस्कटतात. जखम पिकावी किंवा सांधा सुजावा, तसा हा प्रकार नाही. म्हणूनच सुजेच्या गोळ्यांनी चार दिवस बरे वाटते आणि गोळी थांबली की दुखणे जागच्या जागी सापडते.

कंडरेला रक्तपुरवठा बेताचा असतो. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो, कंडरेला मात्र महिने लागतात. सगळी गोम इथे आहे. हात कामाने बिघडत नाही, एकाएकी वाढलेल्या कामाने बिघडतो. परीक्षा आटोपल्यावर मुलाला उन्हाळी शिबिरात घातले आणि काल शून्य तास खेळणारा आज तीन तास खेळू लागला, तर त्याचे स्नायू कसेबसे निभावतात, कंडरा निभावत नाही. सोंगणीचेही गणित तेच. निंदणाला हात सरावलेला असतो, पण इळ्याची बारीक मूठ आवळून दिवसभर ओढायचे काम वर्षातून एकदाच येते. त्यात गुत्त्याने सोंगणी घेतली असेल तर कोणी बसून हात चोळत नाही.

मोठ्या खेळाडूंनाही हे चुकलेले नाही. सचिन तेंडुलकरचे डावे कोपर २००४ च्या ऑगस्टमध्ये दुखू लागले, तेव्हा टेनिस एल्बो हा शब्द घरोघरी पोहोचला. तो टेनिस खेळत नव्हता, पण त्याची बॅट जवळपास दीड किलोची होती. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटी त्याला सोडाव्या लागल्या आणि तो परतला तो आपल्या नागपूरच्या सामन्यात, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. दोन डावांत धावा आठ आणि दोन. दुखणे पुरते गेले नव्हतेच. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, पुढचे काही महिने विश्रांतीत आणि व्यायामात गेले आणि २५ ऑक्टोबर २००५ रोजी, पुन्हा नागपुरातच, श्रीलंकेविरुद्ध त्याने ९३ धावा काढल्या. उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या माणसाला इतका काळ लागला, तर "चार दिवसांत बरे करून द्या" असा आग्रह डॉक्टरापाशी धरण्यात अर्थ नाही. त्याचबरोबर घाबरायचेही कारण नाही. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते. बहुतेकांचे कोपर वर्षभरात बरे होते.

आता टेनिसकडे वळू. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा आणि रॅकेट ३०० ग्रॅमच्या आसपासची. एवढ्याशा वजनाने हात का मोडावा? कारण वेगाने येणारा चेंडू थोपवून परत फिरवायचा असतो, तोही तासात शेकडो वेळा. चांगल्या खेळाडूची सर्व्हिस नीट पाहिली तर दिसते, की त्याचे गुडघे आधी वाकतात, मग कंबर फिरते, मग खांदा आणि सर्वांत शेवटी हात येतो. सर्व्हिसमधला निम्मा जोर पाय, कंबर आणि धड यांतून येतो, असे मोजमाप केलेल्यांनी दाखवले आहे. हात हा चाबकाच्या टोकासारखा असतो. पाय थकले किंवा मुळातच कच्चे असले, की तो निम्मा जोरही खांदा आणि कोपराला पुरवावा लागतो. तिसऱ्या सेटमध्ये दुखणारे कोपर पुष्कळदा पहिल्या सेटमध्ये थकलेल्या पायांचे दुखणे भोगत असते. म्हणून मी रॅकेटची किंमत विचारण्याआधी मुलाला एका पायावर बैठक मारून दाखवायला सांगतो. गुडघा आत वळतो, तोल जातो आणि वडिलांना उत्तर मिळते.

आपल्या जिल्ह्याला हे परक्याने शिकवावे असे नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हेच करीत आले आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे कबड्डी आणि इतर भारतीय खेळांची प्रात्यक्षिकेही दाखवली होती. दंड, बैठका, मल्लखांब यांत पाय, कंबर, खांदे आणि मूठ सगळे एका साखळीत येते. मुद्गल तर टेनिसपटूंसाठीच घडवला असावा, असे मला वाटते. खांद्यामागून संथ फिरवताना पाठीवरची फऱ्याची हाडे सावरणारे स्नायू आणि मनगट दोन्ही तयार होतात. इंग्रजांनी इथले मुद्गल पाहून ते युरोपात नेले आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये त्यांची स्पर्धाही झाली. आपल्याकडे मात्र ते माळ्यावर पडले आहेत. मुलांनी एक किलोच्या हलक्या मुद्गलापासून सुरुवात करावी. आजोबांचा मुद्गल पहिल्याच दिवशी उचलायला जाऊ नये.

टेनिसपटूंच्या बाबतीत आणखी एक गैरसमज पाहतो. दम वाढावा म्हणून मुलांना पहाटे महामार्गाच्या कडेने पाच-पाच किलोमीटर पळवतात. टेनिसमधला एक पॉइंट सरासरी दहा सेकंदांच्या आत संपतो आणि पुढच्या पॉइंटआधी नियमाने २५ सेकंदांपर्यंत वेळ मिळतो. म्हणजे खेळ आहे तो झटक्याने पळण्याचा, थांबण्याचा, बाजूला सरकण्याचा आणि पुन्हा पळण्याचा. शाळेच्या मैदानावर दहा-दहा पावलांच्या वीस धावा, निम्म्या बाजूला सरकत, दोन धावांमध्ये वीस-पंचवीस सेकंद विसावा, असा सराव आठवड्यातून दोनदा केला तर तो जास्त उपयोगी. थांबण्याचा सराव विशेष हवा. टेनिसमध्ये अचानक होणाऱ्या दुखापती हातापेक्षा पायाच्या अधिक असतात, त्यांत घोटा मुरगळणे नेहमीचे. दात घासताना रोज दोन-दोन मिनिटे एका पायावर उभे राहावे. हसू येईल, पण घोट्यासाठी हा उत्तम व्यायाम आहे. सरावाआधी दहा मिनिटे चालणे, हलके पळणे, हात-पाय फिरवणे असावे. एका जागी बसून स्नायू ताणत राहण्याचा प्रकार खेळ संपल्यावर करावा. आधी फार वेळ ताणल्याने उलट झटका कमी होतो.

खांद्यासाठी सायकलची जुनी ट्यूब पुरते. ती खिडकीच्या गजाला कमरेच्या उंचीवर बांधावी. कोपर काटकोनात वाकवून अंगाला चिकटवावे आणि ट्यूबचे टोक हळूहळू बाहेरच्या बाजूला ओढावे. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. टेनिसमध्ये खांदा पुढे फिरवणारे स्नायू आपोआप दणकट होतात. हात मागे आवरणारे, म्हणजे लगाम ओढणारे स्नायू मागे पडतात. ही ट्यूब त्यांच्यासाठी आहे.

रोहन बोपण्णा आणि आपल्या महाराष्ट्राची ऋतुजा भोसले यांनी २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्ण मिळवले, तेव्हा बोपण्णा ४३ वर्षांचा होता. त्याच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजलेली होती. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या पद्धतीच्या योगाने आपल्याला सावरले, असे तो सांगत आला आहे. पुढच्या जानेवारीत त्याने ऑस्ट्रेलियन ओपनचे दुहेरीचे विजेतेपदही मिळवले. टोंगळे गेले म्हणून खाट धरणाऱ्या आमच्या चाळिशीतल्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे.

आता पत्र लिहिणाऱ्या पालकांना सरळ उत्तर. आपल्या मुलाला टेनिस एल्बो आहे, असे कोणी म्हटले तरी तेवढ्यावर थांबू नका. ते साधारण पस्तीस ते पंचावन्न या वयातले आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे आहे. तेरा वर्षांच्या मुलाच्या हाडांची टोके अजून वाढत असतात. तिथे मऊ कूर्चेची एक पट्टी असते आणि ती कंडरेपेक्षाही नाजूक असते. सर्व्हिसच्या झटक्याने कोपराच्या आतल्या बाजूची ती पट्टी ओढली जाते. दुर्लक्ष केले तर हाडाचा तुकडा सुटण्यापर्यंत पाळी येऊ शकते. तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांनी सांगितले तर दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढून तुलना करून घ्या. तोपर्यंत सर्व्हिस आणि स्मॅश पूर्ण बंद. वेदनाशामक गोळी देऊन सामना खेळवणे तर मुळीच नको. पायांचे, कमरेचे व्यायाम मात्र चालू ठेवा. मुलाचे मनही त्यात राहील. दुखणे गेल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिल्या आठवड्यात निम्म्या जोराने वीस-पंचवीस सर्व्हिस, तीही एक दिवसाआड, मग हळूहळू वाढवा.

तासांबद्दल एक ढोबळ नियम क्रीडावैद्यक मानते : मुलाचे वय जितकी वर्षे, आठवड्याला खेळाचे तास त्याहून जास्त नसावेत. आपल्या मुलाचे अठरा तास सरावातच होतात, रविवार वेगळाच. तेरावर आणा. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुटी, आणि वर्षातले दोन-तीन महिने दुसरा एखादा खेळ खेळू द्या. कबड्डी, खो-खो, पोहणे, काहीही. रॅकेट तूर्त बदलू नका. मूठ त्याच्या हाताला जाड किंवा बारीक तर होत नाही ना, एवढे पाहा. तारा फार ताणून बांधल्या असतील तर थोड्या सैल करून घ्या, म्हणजे हाताला बसणारा हादरा कमी होतो. ओले, जड झालेले चेंडू सरावाला वापरू नयेत.

मोठ्यांच्या टेनिस एल्बोसाठी, मग तो रॅकेटने झालेला असो की इळ्याने, व्यायाम एकच आणि तो घरी होतो. दुखणे फार असेल तर पहिले पंधरा दिवस एवढेच करा : हात टेबलावर पालथा ठेवा, दुसऱ्या हाताने पंजावर दाब द्या आणि पालथ्या पंजाने त्याला वर रेटत राहा. हात हलू द्यायचा नाही. अर्धा-पाऊण मिनिट धरून सोडा. असे पाच वेळा. कळ थोडी बसली की अर्ध्या लिटरची पाण्याने भरलेली बाटली घ्या. हात टेबलावर पालथा, पंजा कडेबाहेर. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर उचला, मदत काढून घ्या आणि पाच आकडे मोजत बाटली हळूहळू खाली येऊ द्या. गुण आहे तो या सावकाश खाली येण्यात. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, रोज. काही आठवड्यांनी जड बाटली घ्या. व्यायाम करताना थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल तर मात्र वजन कमी करा. सहा आठवड्यांआधी फरकाची अपेक्षा धरू नका, तीन महिने नेट लावा.

आता इंजेक्शनविषयी, कारण दवाखान्यात पहिली मागणी त्याचीच असते. मी त्या मागणीला नावे ठेवत नाही. सोंगणीचे दिवस मोजके, रोजी बुडाली तर भरून येत नाही, आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही दिवसांत आराम पडतो हे खरे आहे. पण पुढे काय होते? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे १९८ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना इंजेक्शन दिले, काहींना व्यायामोपचार, आणि काहींना नुसते थांबायला सांगितले. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सर्वांत पुढे होते. पण त्यांतल्या बरे झालेल्या ६५ जणांपैकी ४७ जणांचे दुखणे नंतर उलटले. वर्षाअखेर व्यायाम करणारे आणि नुसते थांबलेले जवळपास सारखेच बरे होते, व्यायामवाल्यांना आराम मात्र लवकर पडला होता. इंजेक्शनवाले दोघांच्याही मागे राहिले. दर हंगामाला टोचून घेणाऱ्यांना म्हणूनच मी थांबवतो.

मग सोंगणी कशी करायची? पोळ्यापासून दसरा चाळीसेक दिवसांवर असतो. बाटलीचा व्यायाम पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू केला, तर सोंगणीपर्यंत सहा आठवडे हाती लागतात. इळ्याच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा जुने कापड गुंडाळून ती जाड करा. बारीक मूठ जास्त आवळावी लागते. इळ्याला धार ठेवा. बोथट इळा कोपराचा शत्रू आहे. कट्टा किंवा बादली उचलताना तळहात खाली नको, वर किंवा आपल्याकडे असू द्या. पहिल्या दोन दिवसांत तासाभराने पाच मिनिटे तरी हात सोडून बसा. कोपराच्या दोन बोटे खाली बांधायचा पट्टा मिळतो, तो काम करताना बांधावा, झोपताना काढावा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे दुखणे अधिक आढळते, तेही सांगून ठेवतो.

हाताला मुंग्या येत असतील, कळ मानेपासून खाली उतरत असेल, कोपर लाल होऊन सुजले असेल, ताप असेल किंवा हात पूर्ण सरळच होत नसेल, तर वरचे व्यायाम करू नका. ते दुखणे वेगळे असू शकते. आधी डॉक्टरांना दाखवा.

टोंगळ्यांविषयी बरीच पत्रे आली आहेत. ती पुढच्या आठवड्यात घेऊ.